गाळून, कोमट, बिनमिरचीचे

आईच्या दाढेच्या शस्त्रक्रियेला दोन दिवस झाले होते. तपासणी आटोपून मुंबई सेंट्रल स्थानकासमोरच्या एका उडुपी हॉटेलात शिरलो. सूपचे चार-पाच प्रकार होते. पण मंचावमध्ये मिरची नि तळलेल्या नूडल्स, स्वीट कॉर्नचे दाणे जखमेत अडकणार, टोमॅटोचा आंबटपणा झोंबणार.

"हॉटेलात असं वेगळं मागतात का रे? चहाच घेऊ," आई संकोचली.

मी वेटरला म्हटले, "भाज्यांचे सूप गाळून, मिरपूड न घालता, कोमट द्या." त्याने तसेच आणले. स्ट्रॉने ओढायचे नाही, त्याने जखमेवरची रक्ताची गाठ सुटते, असे डॉक्टरांनी बजावले होते. आईने चमच्याने सावकाश वाटी संपवली. म्हणाली, "सांगितलं की देतात होय!"

बंधुभगिनींनो, पैसे मोजतो, तर मागायला लाजू नका.