न्यायला येणारा माणूस

मॉरिशस म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं मोठं बेट. एवढ्याशा बेटावर विमानतळावरून हॉटेलवर जायचं ते काय, असं आमच्या घरात सगळ्यांनाच वाटत होतं. मी नकाशा काढून टेबलावर ठेवला. विमानतळ आग्नेय कोपऱ्यात, माहेबुर्ग गावाजवळ प्लेझान्सला. आमचं हॉटेल पार वायव्येच्या किनाऱ्यावर, त्रू ओ बिशला. रस्ता किनाऱ्याकिनाऱ्यानं जात नाही. तो मधल्या पठारावर चढतो, क्युरपीपच्या बाजूनं जातो आणि पलीकडे उतरतो. सत्तर किलोमीटरच्या आतबाहेर अंतर, आणि रस्ता मोकळा असला तरी सव्वा तास.

बाबांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया त्याच वर्षी झाली होती. आईला वळणाच्या रस्त्यावर मळमळतं. लेक चार वर्षांची, आणि विमान पहाटेचं, म्हणजे घरातून मध्यरात्रीच निघायचं. अशा वेळी सहा तासांच्या प्रवासानंतर परक्या देशात बाहेर येऊन 'आता पुढे कसं?' असं एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभं राहणं मला मान्य नव्हतं. हॉटेल कुठलं, समुद्र खोलीतून दिसतो की नाही, हे मी नवऱ्यावर सोपवलं. न्यायला कोण येणार, ते काम माझ्याकडे घेतलं.

पुण्यातल्या एजंटच्या पॅकेजमध्ये 'एसआयसी' होतं. सीट-इन-कोच, म्हणजे बसमधली आपली आपली सीट. एकदोन विमानांची माणसं गोळा होईपर्यंत बस थांबते आणि मग एकेका हॉटेलच्या दारात माणसं उतरवत जाते. तरुण जोडप्यांना ते ठीक आहे, पैसेही वाचतात. पण आपलं हॉटेल त्या यादीत पहिलं की शेवटचं, हे एजंट सांगू शकत नव्हता. साधी बस विमानतळावरून पोर्ट लुईला जाते, पण तिथून पुढे दुसरी बस धरायची आणि सामान मांडीवर. मेट्रो आहे, तीही छान आहे म्हणे, पण ती पोर्ट लुई ते क्युरपीप याच पट्ट्यात. विमानतळापर्यंत येत नाही. गाडी भाड्यानं घेऊन स्वतः चालवावी असं नवऱ्याच्या मनात होतं, कारण तिथं आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. रात्रभर न झोपलेल्या माणसानं म्हाताऱ्यांना आणि लेकराला घेऊन अनोळखी रस्त्यावर गाडी चालवू नये, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे.

उरली स्वतंत्र गाडी. तिच्यासाठी तीन ठिकाणी विचारलं. हॉटेलचा दर सगळ्यात चढा होता. एका परदेशी संकेतस्थळाचा दर बरा होता, पण पैसे आधी, युरोमध्ये, सगळेच्या सगळे. तिसरा होता नवऱ्याच्या सहकाऱ्यानं दिलेला एका टॅक्सीवाल्याचा नंबर.

त्या संकेतस्थळाच्या अटी मी रात्री बसून नीट वाचल्या. त्यात 'मोफत प्रतीक्षा' असं एक कलम होतं. विमान टेकल्यापासून ठरावीक मिनिटं गाडी थांबणार, पुढे प्रत्येक अर्ध्या तासाला जादा आकार. वाचायला वाजवी वाटतं. पण व्हीलचेअर घेतलेला प्रवासी विमानातून सगळ्यांच्या शेवटी उतरतो, हे त्या कलमाला ठाऊक नाही. त्याच सुमाराला युरोपातून एखादं मोठं विमान उतरलं असेल, तर पारपत्राची रांग किती लांबेल हेही ठाऊक नाही. मिनिटं मोजायला सुरुवात कधी होते, विमान टेकल्यापासून की वेळापत्रकातल्या वेळेपासून, हे विचारायला मी लिहिलं. उत्तर आलं ते पुन्हा त्याच कलमाचं.

टॅक्सीवाल्याला मी व्हॉट्सॲपवर इंग्रजीत लिहिलं. माणसं पाच, त्यातलं एक मूल, मोठ्या बॅगा तीन, आणि बाबांसाठी व्हीलचेअर. त्यानं आधी दर सांगितलाच नाही, उलट प्रश्न विचारले. विमानाचा क्रमांक काय? हॉटेलचं पूर्ण नाव काय, कारण त्या पट्ट्यात एकसारख्या नावांची दोनतीन हॉटेलं आहेत. मुलीचं वजन किती? व्हीलचेअर तुमची घरची आहे की विमानतळाची? घरची असेल तर मागे जागा ठेवावी लागेल. बाबांना पायरी चढता येते का?

हे शेवटचं वाचून मी फोन खाली ठेवला आणि नवऱ्याला म्हटलं, हाच.

मग दर आला. अडीच हजार मॉरिशस रुपये, पूर्ण गाडीचे, माणशी नव्हे. मुलीच्या सीटचे वेगळे पैसे नाहीत, थांबण्याचेही नाहीत. पैसे हॉटेलवर पोहोचल्यावर, रोख. आपल्या हिशेबानं हे साडेचार-पाच हजारांच्या घरात जातं. नवरा म्हणाला, एवढ्यात आपण पुण्याहून मुंबई विमानतळ गाठतो. हिशेब बरोबर आहे, तुलना बरोबर नाही. बेटावर इंधनाचा थेंबन् थेंब जहाजानं येतो, गाडीही बाहेरूनच येते. दक्षिणेकडून उत्तरेला सोडून तो बहुतेक वेळा रिकामाच परततो, आणि विमान उशिरा आलं की त्याचा अर्धा दिवस संपतो. आणि मधे कोणी दलाली कापणारं नसेल तर ते अडीच हजार गाडी चालवणाऱ्याच्याच खिशात जातात. सुट्टीवर खर्च करायचाच आहे तर तो असा व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

त्याच्याकडून मी गाडीचा फोटो आणि टॅक्सी परवान्याचा फोटो मागवला. हे विचारायला आपल्याकडे संकोच वाटतो, वाटू नये. मॉरिशसमध्ये परवान्याची टॅक्सी एका ठरलेल्या थांब्याशी जोडलेली असते. परवाना नसताना खाजगी गाडीत भाडं मारणाऱ्यांना तिथं 'टॅक्सी मारों' म्हणतात. ती स्वस्त पडते, पण अपघात झाला तर विम्याचं काय, याचं उत्तर कुणाकडेच नसतं. त्यानं दोन्ही फोटो लगेच पाठवले, आणि चांगलं केलं विचारलंत, असंही लिहिलं.

ऑगस्टचे दिवस, म्हणजे तिथला हिवाळा. घड्याळ दीड तास मागे. व्हीलचेअर येईपर्यंत विमानात आम्हीच उरलो होतो. पारपत्राची रांग मोठी होतीच. सामानाच्या पट्ट्यावर आमच्या बॅगा खाली उतरवून कडेला ठेवलेल्या. मी विमानतळाच्या वायफायवर त्याला निरोप टाकला की अजून वेळ लागेल. उत्तर आलं, सावकाश या, मी दारासमोरच आहे. मी तिथंच पैसे बदलून घेतले, लेकीला शौचालयात नेऊन आणलं, आईनं तोंड धुतलं. कुणीही घाई केली नाही. बाहेर एक माणूस आपल्यासाठी उभा आहे आणि तो जाणार नाही, या खात्रीनं आमच्या सगळ्यांच्या हालचाली बदलल्या होत्या. बाबा व्हीलचेअरवरून आजूबाजूचे लोक बघत होते, आणि आजारपणानंतर पहिल्यांदाच ते मला प्रवासाला निघालेल्या माणसासारखे दिसले.

तो पन्नाशीचा, सडपातळ, इस्त्रीच्या शर्टातला. हातात बाबांच्या नावाचा कागद. नमस्कार करून त्यानं हिंदीत विचारलं, विमानात झोप झाली का? मग गाडी पुढे आणली. व्हॅनची पायरी उंच होती. त्यानं मागचं दार उघडून प्लॅस्टिकचा एक ठेंगणा स्टूल काढला, खाली रबराचं पायपुसणं अंथरलं आणि त्यावर स्टूल ठेवून स्वतःच्या हातानं दाबून बघितला. मग बाबांना म्हणाला, आधी चांगला पाय वर, दुखरा मागून. डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं. त्याच्या आईचेही गुडघे गेलेत, म्हणाला.

मुलीची सीट त्यानं आधीच बसवली होती, तरी तिला बसवण्याआधी पट्टा पुन्हा तपासला. सीटवर गुडघा रोवून पट्टा खेचला, मग सीट दोन्ही हातांनी धरून हलवली. हलली नाही. मग तिला बसवून पट्टा आणि तिचा खांदा यांच्यामध्ये दोन बोटं घालून पाहिली. मी शेजारी उभी राहून हे सगळं पाहिलं. आपल्या शहरांत लेकराला मांडीवर घेऊन बसायची सवय इतकी मुरलेली आहे की हे सोपस्कार वाटतात. ते सोपस्कार नाहीत.

प्लेझान्स सुटलं की दोन्ही बाजूंना ऊस. तोडणीचा हंगाम होता, त्यामुळे काही शेतं उभी, काही कापलेली, आणि रस्त्यावर उसाचे ट्रक. शेतांच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग रचलेले दिसतात. हे ज्वालामुखीच्या खडकाचं बेट. ऊस लावायचा तर आधी दगड वेचून काढावे लागले, आणि ते वेचणाऱ्यांत आपल्याकडून करारावर नेलेले मजूर होते. बाबांनी त्या ढिगांकडे बोट करून विचारलं तेव्हा त्यानं गाडीचा वेग कमी करून हे सांगितलं. 1834 पासून जहाजं येऊ लागली, पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर माणसं उतरली. त्याचे पूर्वज त्यांतलेच. कुठले? रत्नागिरीकडचे, तो म्हणाला.

बाबा संगमेश्वर तालुक्यातले. गाडीत एकदम कालवा झाला. त्याचं आडनाव फोनवर वाचलं होतं तरी आम्हाला काही कळलं नव्हतं, कारण तिथं पूर्वजाचं पाळण्यातलं नावच पुढे आडनाव होऊन बसलं आहे, तेही फिरंगी लेखनिकानं लिहिलं तसं. तो शाळेत मराठी शिकला होता. तिथल्या शाळांत मराठी विषय घेता येतो. बोलताना मात्र त्याची गाडी हिंदीवर आणि क्रेओलवर घसरायची. गणेश चतुर्थीला तिथं सार्वजनिक सुट्टी असते. त्याच्या गावात गणपतीसमोर झाकरी होते, तीच आपली कोकणातली जाखडी. गोल फिरत पाय कसे टाकतात, ते बाबा बसल्याजागी हातानं दाखवू लागले, आणि तो आरशातून बघत मान डोलवत राहिला.

क्युरपीपच्या चढावर धुकट पाऊस लागला आणि काचा ओल्या झाल्या. किनाऱ्याच्या उन्हाची स्वप्नं बघत आलेल्या आईनं शाल मागितली. एब्बेनच्या काचेच्या इमारती लागल्या आणि पुढे त्यानं गाडी पोर्ट लुईच्या गर्दीत न नेता व्हर्दाँच्या रस्त्यानं तेर रूजकडे घातली. हा रस्ता डोंगरांच्या कुशीतून जातो. पीटर बोथचा सुळका दिसतो, त्याच्या टोकावर एक प्रचंड धोंडा जसाच्या तसा बसलेला. इथं आईला मळमळायला लागलं. तिनं नुसतं खिडकीकडे तोंड केलं होतं, तेवढ्यावरून त्यानं ओळखलं आणि पुढच्या रुंद जागेत गाडी बाजूला घेतली. पाण्याची बाटली दिली, गाडीची सगळी दारं उघडली आणि स्वतः थोडा लांब जाऊन उभा राहिला. आई दहा मिनिटं वाऱ्यावर उभी होती. बसमधल्या वीस माणसांना खोळंबून ठेवून ती कधीच उतरली नसती. तोंड मिटून हॉटेलपर्यंत आली असती आणि दुसरा दिवस अंथरुणात काढला असता. प्रायव्हेट गाडीचे पैसे कशाचे, असं मला कुणी विचारलं तर मी ही दहा मिनिटं सांगते.

त्रिओलेपाशी त्यानं डाळपुरीची एक गाडी दाखवली आणि लेकीला भूक लागली आहे का विचारलं. कागदात गुंडाळलेल्या गरम पुऱ्या आम्ही गाडीतच खाल्ल्या. पुढच्या काही मिनिटांत समुद्र.

परतीचं बुकिंग मी त्याच्याकडेच केलं. संध्याकाळचं विमान होतं. मी दोन तास रस्त्याला आणि तीन तास विमानतळाला धरले होते. त्यानं आणखी पाऊण तास आधी निघायला सांगितलं, कारण कार्यालयं सुटायच्या वेळी उत्तरेकडून येणारा रस्ता तुंबतो आणि त्यात उसाचे ट्रक. तसे निघालो. रस्ता तुंबलेला होताच, आणि आम्ही वेळेवर पोहोचलो. सामान उतरवल्यावर त्यानं स्टूल पुन्हा काढला. आईनं पुण्याहून आणलेली बाकरवडीची एक पुडी त्याच्या आईसाठी दिली.

आता माझ्या थोरल्या जाऊबाई फेब्रुवारीत जायचं म्हणतात. त्यांना मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, तो वादळांचा हंगाम आहे. तिथं चार टप्प्यांचे इशारे असतात, आणि वरच्या टप्प्यावर सगळं बंद होतं. जानेवारी 2024 मध्ये बेलाल वादळात पोर्ट लुईत रस्त्यावरच्या गाड्या वाहून गेल्या आणि विमानतळही बंद ठेवावा लागला. तेव्हा विमान रद्द झालं तर गाडीच्या पैशांचं काय, हे आधी विचारून घ्यायचं. आणि दुसरी, महाशिवरात्रीच्या आधीचे दिवस टाळायचे. त्या दिवसांत लाखो माणसं मोठमोठ्या कावडी घेऊन पायी गंगा तलावाकडे निघतात, आणि मधल्या पठारावरचे रस्ते त्यांचेच असतात.

जाऊबाईंना नेमके तेच दिवस सोयीचे होते. मी टॅक्सीवाल्याला निरोप पाठवला. त्यानं लिहिलं, त्या दिवशी मी गाडी काढत नाही, आम्ही घरचे सगळे चालत जातो. पण चुलतभावाकडे मोठी व्हॅन आहे, त्याला सांगून ठेवतो. आणि खाली विचारलं होतं, पाहुण्यांचे गुडघे कसे आहेत?

जाऊबाईंचे गुडघे ठणठणीत आहेत. स्टूल लागणार नाही, तीन बॅगा आणि नातवासाठी सीट लागेल, वजन चौदा किलो, असं मी कळवलं आहे.