फितूर

मी फितूर साक्षीदार आहे. सरकारी कागदात तसं लिहिलंय. वय वर्षं बारा.

मोर्चात, जयंतीच्या मंडपात हे मी कधी बोललो नाही. आज बोलतो. कारण परवा नेरूळच्या आमच्या वस्तीतली पोरं एका बाईला शिव्या घालत होती. केस केली अन् कोर्टात फिरली म्हणून. विकली गेली म्हणाले. पोरांचा संताप खोटा नव्हता. पण माणूस कोर्टात कसा फिरतो ते मला ठाऊक आहे.

27 जुलै 1978 ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. मराठवाडा पेटला म्हणतात. पेटली ती आमची घरं. मी दहा वर्षांचा होतो. कडब्याच्या गंजीमागून पाहिलं, तिघं जण चुलत्याच्या घरावर रॉकेल ओतत होते. तिघांनाही ओळखत होतो. त्यातल्या एकाकडं बा सालगडी होता. पोलिसांनी विचारलं तशी मी तिघांची नावं सांगून टाकली.

साक्षीला बोलावलं दोन वर्षांनी. तोवर आम्ही त्याच गावात, त्याच मालकाच्या वावरात. आदल्या रात्री माय म्हणाली, "लेकरा, आपल्याला याच गावात ऱ्हायचंय." एवढंच. खोटं बोल असं कुणी म्हणालं नाही. कोर्टासमोरच्या हॉटेलात मालकानं मला भजी खाऊ घातली. बा दाराशी उभा राहिला, आत आला नाही. पुकारा झाला. कठडा माझ्या नाकापर्यंत. समोर मालक, भजी देताना हसला तसाच हसत. मी म्हणालो, "अंधार होता. काही दिसलं नाही."

अख्खं घर जळत होतं अन् मी म्हणालो अंधार होता.

सरकारी वकील काहीतरी बोलले, त्यात तो शब्द होता. परतताना एस.टी.त मी विचारलं, "बा, फितूर म्हंजी काय?" बा खिडकीबाहेर पाहत राहिला. पुढं गाव सोडून आम्ही इकडं दगडखाणीवर आलो. बा खडी फोडत गेला, तसाच मेला. उत्तर काही दिलं नाही. 14 जानेवारी 1994 ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला, तेव्हा नेरूळमध्ये मीही गुलाल उधळला. घरी येऊन अंघोळ केली अन् रडलो.

माझी गोष्ट जुनी म्हणाल. मग खर्डा आठवा. 28 एप्रिल 2014. जामखेड तालुक्यातल्या या गावात सतरा वर्षांच्या नितीन आगेचा खून झाला. नोव्हेंबर 2017 मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले होते, शाळेतले लोकसुद्धा. आपण निषेध केले, ते करायलाच हवे होते. पण साक्षीच्या आदल्या रात्री साक्षीदाराच्या घरी कोण बसलं होतं, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला का?

मला तो विचारावा लागला. दोन-तीन वर्षांमागं आमच्याकडं नळावरून भांडण झालं. एका बाईला जातीवरून शिवी देऊन मारलं. तिच्या नऊ वर्षांच्या पोरीनं ते पाहिलं. अ‍ॅट्रॉसिटी लागली. समन्स आलं तेव्हा पोर अकराची झाली होती, रात्री दचकून उठत होती. तिची आई म्हणाली, "दादा, तुम्ही चला सोबत."

कायदा चाळला. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात 15-अ कलम आलं, 26 जानेवारी 2016 पासून लागू. पीडित अन् साक्षीदाराला संरक्षण, प्रवासखर्च, संस्था-कार्यकर्ते-वकील यांची मदत घ्यायचा हक्क. 1995 च्या नियमांत 11 वा नियम आहे : बाई साक्षीदाराला आपल्या पसंतीचं माणूस सोबत नेता येतं, त्या माणसाचाही खर्च सरकारनं द्यायचा. हापिसातला बाबू म्हणाला, असं काही नसतं. मी नियमाचा कागद पुढं ठेवला. मग असतं झालं. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली. 2022 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं, की लहान अन् दबलेल्या साक्षीदारांसाठी वेगळी केंद्रं उभारा. मूकबधिर, मनानं आजारी, जिवाला धोका असलेले, सगळे त्यात धरा.

आम्ही गेलो त्या कोर्टात तशी खोली होती. तिला कुलूप होतं. सरकारी वकिलामार्फत अर्ज दिला, कोर्टानं पडदा लावायला सांगितलं. आरोपी अन् पोर यांच्यामध्ये एक कापड. मला 1980 साली एवढं एक कापड मिळालं असतं तर!

त्याआधी दोनदा पोरीला रिकामं कोर्ट दाखवून आणलं. साहेब कुठं बसतात, आपण कुठं उभं राहायचं, पुकारा कसा होतो. काय बोलायचं ते मात्र एका शब्दानंही शिकवलं नाही. कार्यकर्त्यांनो, हे नीट ऐका. धीर देणं वेगळं, पढवणं वेगळं. पढवलेली साक्ष पहिल्या उलटतपासात फाटते, अन् खरी गोष्टही तिच्याबरोबर फाटते.

साहेबांनी आधी विचारलं, शाळा कोणती, खरं-खोटं म्हणजे काय. साक्ष द्यायला वयाची अट नाही. प्रश्न कळले अन् नीट उत्तर देता आलं की लेकरू साक्षीदार. उलटतपासात समोरचे वकील म्हणाले, "तुला त्या काकांनी शिकवून आणलं ना?"

माझ्या पोटात गोळा आला.

पोर म्हणाली, "हो. प्रश्न कळला नाही तर कळला नाही म्हणायचं. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायचं. पाणी लागलं तर मागायचं."

साहेबांनी ते तसंच लिहून घ्यायला लावलं.

निकाल अजून लागायचाय. सुटतीलही. पण पोरीनं जे पाहिलं ते कोर्टाच्या कागदावर आहे.

परतताना लोकलला गर्दी होती. पोर दाराजवळ आईला टेकून उभी होती. मला म्हणाली, "काका, तुम्ही कधी साक्ष दिली होती?" मी खिडकीबाहेर पाहायला लागलो. मग बा आठवला. नेरूळ यायच्या आत तिला सगळं सांगितलं, भज्यांसकट.

त्या फिरलेल्या बाईकडं उद्या जाणार आहे. शिव्या देणाऱ्या पोरांनी सोबत यावं. तिला काही विचारायचं नाही. फक्त जयभीम म्हणायचं अन् बसायचं.