एकशे चोवीस वेढे

जळालेली कॉइल एकदाच वाचता येते. वाचणे म्हणजे उलगडणे, आणि उलगडली की ती कॉइल राहत नाही. हातात उरते काळवंडलेली, जागोजागी वाकलेली तांब्याची तार आणि कागदावर मांडलेला एक आकडा. तो आकडा खरा असेल तर नवी कॉइल गुंडाळता येते. जीर्ण पोथ्या हाताळणाऱ्यांना ही धास्ती परिचयाची आहे, पण पान उलटण्याआधी त्याचे छायाचित्र घेऊन ठेवण्याची सोय त्यांना असते. कॉइलचे छायाचित्र सर्वांत वरच्या थरापलीकडे काहीच सांगत नाही.

निमित्त एका राजदूत मोटारसायकलचे. पोलंडच्या एस.एच.एल. एम-११ या गाडीच्या धर्तीवर एस्कॉर्ट्स कंपनीने १९६०च्या दशकात ही दोन-स्ट्रोकची गाडी भारतात आणली आणि दुधाचे कॅन, भाताची पोती, शाळामास्तर अशी नाना ओझी तिने वाहिली. (नाव मात्र राजदूत. वकिलातीचा थाट तिच्या वाट्याला फारसा आला नसावा.) रत्नागिरीत ती अजून चालवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, त्यांतला मी एक. तिच्या इंजिनाच्या कुशीला, झाकणाआड, एक जड लोखंडी वाटी फिरते. वाटीच्या आतल्या कडेला चुंबके आणि वाटीच्या पोटात एका स्थिर प्लेटवर बसवलेल्या कॉइल. ठिणगीची वेगळी, दिव्याची वेगळी. तांत्रिक पुस्तके या रचनेला अल्टरनेटर म्हणतील आणि तिच्यातून निघणाऱ्या विजेला प्रत्यावर्ती धारा. गॅरेजात या साऱ्याचे एकच नाव आहे, मॅग्नेट. 'मॅग्नेट गेला' म्हटले की तो चुंबकासकट गेला की कॉइलपुरताच, हे ऐकणाऱ्याने संदर्भावरून ताडायचे असते.

चुंबक फिरते, तांबे जागच्या जागी राहते आणि तरीही तांब्यात वीज निर्माण होते. याच जिल्ह्यात, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात कोयनेचे पाणी तेच काम करते. फरक शिस्तीचा आहे. पोफळीच्या यंत्रांना सेकंदाला पन्नास आवर्तनांची मर्यादा पाळावी लागते. मोटारसायकलच्या मॅग्नेटला असा कोणताही धाक नाही. इंजिन धापा टाकू लागले की वीज वाढते, ते मंदावले की दिवा मिणमिणतो. जुन्या गाड्यांमध्ये या विजेला आवर घालायला वेगळा रेग्युलेटर नव्हता. कॉइलचे वेढे, तारेची जाडी आणि बल्बची भूक यांचा मेळ कारखान्यातच घालून दिलेला असे. म्हणून मागचा छोटा दिवा उडाला की त्याच्या वाट्याची वीज पुढच्या दिव्यावर लोटे आणि तोही लगोलग उडे. स्कूटर-मोटारसायकलवाल्यांच्या एका पिढीला हा अनुभव पाठ आहे.

माझ्या गाडीचे पुढचे दिवे मात्र मागचा दिवा शाबूत असतानाही उडत. सपाट रस्त्यावर वेग घेतला की सहा व्होल्टचा बल्ब एकदा लख्ख होई आणि विझे. आरे-वारेच्या वळणांवर, पावसात, रात्री हे घडणे म्हणजे काय, ते त्या रस्त्याने गेलेल्यांना सांगायला नको. अखेर कॉइलही जळाली आणि वाटी पुलरने ओढून काढून प्लेट घरी टेबलावर आली.

अशा विषयावर साहित्याच्या माणसाने लिहिले की रॉबर्ट पर्सिगच्या १९७४ सालच्या पुस्तकाची आठवण काढली जाणार. त्या पुस्तकात मोटारसायकल तत्त्वचिंतनाच्या कामी येते. मला उलटा प्रश्न पडला होता: पाठचिकित्सेचा मोटारसायकलला काही उपयोग होतो का?

बाहेरचा थर काढताना तार अपेक्षेहून बारीक लागली. मायक्रोमीटरखाली, वरचा इनॅमल जाळून, ती ०.७१ मिलिमीटर भरली. वाइंडिंगच्या धंद्यात ही बावीस नंबरची तार. (नंबर वाढतो तशी तार बारीक होते, नवख्याला हे उलटे गणित पचायला वेळ लागतो.) पंचावन्न वेढे उलगडल्यावर एक झाळलेला सांधा निघाला, वर पिवळी स्लीव्ह चढवलेली. सांध्याखालची तार वेगळीच. ०.९१ मिलिमीटर, म्हणजे वीस नंबर. वॉर्निशही निराळ्या रंगाचे, अधिक जुने. त्या तारेचे चौऱ्याऐंशी वेढे भरले. एकूण एकशे एकोणचाळीस.

म्हणजे या कॉइलला पूर्वीच एक हात लागून गेला होता. कोणीतरी, केव्हातरी, वरचा जळका भाग काढून टाकून नव्या तारेने पुरा केला होता. माझ्यासमोर होती ती मूळ प्रत नव्हे, दुरुस्त केलेली नक्कल, आणि मूळ लिपिक कोठे थांबला व दुसरा कोठे सुरू झाला एवढेच त्या सांध्यावरून कळत होते. एकशे एकोणचाळीस हा आकडा बरोबर मोजलेला होता. तो बरोबर होता की नाही, हा प्रश्न वेगळा.

पाठचिकित्सक अशा वेळी दुसरी प्रत शोधतो. भांडारकर संस्थेच्या महाभारतामागे शेकडो हस्तलिखितांची तुलना उभी आहे. मला एका भंगारवाल्याकडे, गंजलेल्या चेसिसांच्या ढिगात, एक राजदूत मिळाली. तिची कॉइलही जळकी होती, पण अस्पर्श. खालपासून वरपर्यंत एकच तार, एकच वॉर्निश, कोठेही सांधा नाही. ती उलगडताना हात जरा जपूनच चालला, कारण याच्यापुढे तिसरी प्रत मिळण्याचा भरवसा नव्हता. वीस नंबरची तार, एकशे चोवीस वेढे.

१९३३ साली महाभारताच्या आदिपर्वाला जोडलेल्या प्रस्तावनेत सुकथनकरांनी काश्मीरच्या शारदा परंपरेतील आटोपशीर पाठाला जे महत्त्व दिले, त्याची मला येथे आठवण झाली. पोथ्या नक्कल होता होता वाढतात. गाळण्यापेक्षा घालण्याकडे माणसाचा कल असतो. आमच्या कॉइलमध्ये पंधरा वेढ्यांचा प्रक्षेप होता. वेढे वाढले की व्होल्टेज वाढते. सहा व्होल्टच्या बल्बाला ते सोसत नाही. वर्षानुवर्षे उडत आलेले दिवे त्या पंधरा वेढ्यांची साक्ष देत होते. पोथीच्या अभ्यासकाला असा साक्षीदार मिळत नाही. ओवी प्रक्षिप्त असली म्हणून समईतली वात विझत नाही.

ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी शके १५०६ मध्ये पूर्ण केल्यावर एकनाथांनी पुढच्यांना बजावले होते की, या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये. त्या अज्ञात कारागिराला मी मनातल्या मनात हेच बजावत होतो. गावातले एक वृद्ध वाइंडिंगवाले, ज्यांच्याकडून मी तार घेतली, त्यांना तो सांधा नेऊन दाखवला तेव्हा मात्र निकाल फिरला. आंबेवाल्यांचे पंप आणि मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्यांच्या मोटारी बांधण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी तो तुकडा उजेडात धरला, झाळावरून नख फिरवले.

"सर, हात चांगला होता याचा. तार नव्हती त्याच्याकडं."

वीस नंबर त्या दिवशी संपला असेल, पावसात मुंबईचा माल अडकला असेल. गिऱ्हाईक दारात उभे असेल. असेल त्या तारेने त्याने रिकामी जागा भरून काढली. बारीक तारेचे वेढे त्याच जागेत जास्त मावतात, म्हणून पंधरा वाढले. प्रक्षेपाच्या मागे आपण सहसा अहंकार पाहतो किंवा संप्रदायाचा हेतू. टंचाईमुळेही पाठ बदलतो, हे आमच्या अभ्यासक्रमात मला कोणी शिकवले नव्हते. कागद संपला म्हणून, शाई पातळ झाली म्हणून, दिवस मावळला म्हणून किती ठिकाणी काय गळले आणि काय वाढले असेल, याचा हिशेब कोणी ठेवावा?

नवी तार वजनावर मिळते. प्लेटवरची कॉइल सोडवून, तिच्या पत्र्यांच्या गाभ्यावर लेदरॉइडचा कागद नीट दुमडून बसवला, कॉइल व्हाइसमध्ये धरली आणि वेढे द्यायला लागलो. तार ताठ हवी पण ताणलेली नको. वेढ्याला वेढा भिडला पाहिजे, एकावर दुसरा चढता कामा नये. थर संपला की वर कागद, मग पुढचा थर. गाभ्याच्या कडेवर इनॅमल खरचटला तर सगळी वीज लोखंडात उतरते, म्हणून दर थरानंतर सिरीजचा बल्ब लावून पाहायचा. मोजणी तोंडाने चालते आणि मोजत असताना दुसरे काही बोलता येत नाही. जपाशी याचे साम्य आहे असे कोणी म्हणेल. मला ते नक्कल करणाऱ्या लिपिकाशी अधिक वाटले. बत्तीस अक्षरांचा एक 'ग्रंथ' धरून तो आपले काम मोजत असे आणि त्या मोजणीवर त्याची मजुरीही ठरे.

मायकेल फॅरडेने १८३१ साली लोखंडी कड्यावर ज्या कॉइल गुंडाळल्या, त्या वेळी इनॅमलची तार बाजारात नव्हती. उघडी तार एकमेकींना लागू नये म्हणून त्याने वेढ्यांमध्ये दोरा आणि थरांमध्ये सुती कापड घातले. फॅरडे उमेदवारी करून शिकला होता तो बुकबाइंडिंगचा धंदा. बांधायला आलेली पुस्तके वाचूनच त्याला विजेचा नाद लागला. दोरा, कापड, थरावर थर: पुस्तक बांधणाऱ्या हातांनीच ते कडे बांधले. विज्ञानाच्या इतिहासात हा तपशील चरित्राचा भाग म्हणून येतो. लेदरॉइडची घडी नखाने दाबताना तो मला कृतीचा भाग वाटला.

१९१५ सालच्या 'गाव-गाडा'त त्रिंबक नारायण आत्र्यांनी बलुतेदारांची तपशीलवार नोंद केली. सुतार, लोहार, कुंभार यांना मराठी गद्याने तेवढी तरी जागा दिली. मोटार बांधणारा त्यांच्यानंतर आला. विजेबरोबर आला, कोणत्याही बलुत्यात बसला नाही आणि आमच्या गद्यातही क्वचितच. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियनच्या अभ्यासक्रमात वाइंडिंग शिकवतात. पण कोणत्या पंपाला किती वेढे, हे ज्ञान पुस्तकात नसते. ते कारागिराच्या वहीत असते, आणि वही सहसा दुसऱ्याला दाखवत नाहीत.

कोकणातल्या पावसात वॉर्निश वाळवणे हे स्वतंत्र प्रकरण आहे. पत्र्याच्या डब्यात शंभर वॉटचा बल्ब लावून कॉइल दोन दिवस ठेवली. घरभर तो गोडसर उग्र वास. मग जोडणी. इंजिन मंद असताना दिवा पूर्वीसारखाच मिणमिणतो, ती या गाडीची प्रकृतीच आहे. वेगात मात्र आता तो पिवळट, संथ उजेड देतो. मृगात बसवलेला बल्ब दिवाळीपर्यंत बदलावा लागला नाही.

प्लेटच्या मागच्या बाजूला, पुढे ती उघडणाऱ्यासाठी, मी टोकदार सुईने '२० नं. / १२४' एवढे कोरून ठेवले आहे. पोथीच्या शेवटी लिपिक शक, तिथी आणि स्थळ लिहितो. तेवढी जागा तिथे नव्हती. उरलेली तार परत द्यायला गेलो तेव्हा वाइंडिंगवाल्यांनी आपली वही बाहेर काढली. तेलाने पारदर्शक झालेली पाने. पंप, पंखे, मिक्सर, एका बोटीचा डायनामो. मोटारसायकल एकही नव्हती. त्यांनी चष्मा वर सरकवून मला आकडा पुन्हा विचारला आणि शेवटच्या पानावर लिहिले: राजदूत, दिवा, वीस नंबर, एकशे चोवीस. खालच्या ओळीत 'राजदूत, ठिणगी' असे लिहून पुढची जागा कोरी सोडली. त्या कॉइलची तार केसासारखी बारीक असते, वेढे हजारोंनी. माझ्या गाडीतली अजून चालू आहे, आणि भंगारातल्या गाडीतली उंदरांनी खाल्ली होती.