चिखलातली चाकं

मुलांनो, कर्जत स्टेशनाला लागूनच भिसेगाव आहे. आषाढात पाऊस लागला की या भागातल्या भातशेतीवाल्यापुढे एकच प्रश्न: चिखलणीला काय लावायचं? बर्फाळ देशांत गाडीपुढे आडवं पातं बसवून बर्फ बाजूला ढकलतात. आपल्याला मात्र चिखल ढकलायचा नसतो, कालवायचा असतो! तो नीट झाला तरच खाचरात पाणी टिकतं. रबरी चाकं रुततात, म्हणून लोखंडी पिंजऱ्यासारखी चाकं लावतात. ट्रॅक्टर झपाट्यानं उरकतो खरा, पण एवढ्याशा खाचरात वळणार कुठे? बांध फुटला की पाणी गेलंच. आणि थांबून चालत नाही. 21 ते 25 दिवसांचं रोप लावणीला आलेलं असतं. मला विचाराल तर पॉवर टिलर बरा. फक्त त्याच्यामागे दिवसभर चिखल तुडवायची तयारी हवी!