शेवटचा कप्पा

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डोंगर बंद झाले, आणि हात आपोआप टेबलावरच्या दगडांकडे जाऊ लागला. त्यातला कच्छचा अमोनाइट, एका समुद्री प्राण्याचा दगड झालेला शंख, मला सगळ्यांत जवळचा. भुजच्या बाजूला एका कोरड्या ओढ्यात तो सुटा पडला होता. ज्युरासिक काळात, सुमारे 16 कोटी वर्षांपूर्वी, तिथे समुद्र होता. आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थर जन्माला यायला तेव्हा फार अवकाश होता.

आजीच्या देवघरातला गंडकीचा शाळिग्रामही याच कुळातला. ती त्याला रोज तुळस वाहायची. मी भिंग लावते. दोघींच्या बोटांखाली वळसे तेच.

अमोनाइटच्या शंखाच्या आत पडदे आहेत. प्राणी वाढला की पुढे सरकायचा, मागे पडदा घालायचा. राहायचा फक्त शेवटच्या, सर्वांत मोठ्या कप्प्यात. मागच्या कप्प्यांतून एक बारीक नळी जायची, त्यांतलं पाणी शोषून घ्यायची आणि तिथे वायू भरायचा. त्या सोडलेल्या खोल्यांच्या बळावरच तो पाण्यात तरंगायचा. हे आठवलं की अंथरुणातही छातीवरचं ओझं उतरतं. का, ते अजून नीट सांगता येत नाही.

माझ्या नमुन्याचा शेवटचा कप्पा मात्र तुटलेला आहे. जिथे तो प्राणी खरोखर जगला, नेमकी तीच जागा नाही. ओढ्यात तो वरच्या कुठल्या थरातून घरंगळत आला, तेही कळायला हवं. थर कळल्याशिवाय वय नक्की होत नाही. पाय बरा झाला की आधी त्या ओढ्याच्या उगमाकडे जायचं आहे.