दोन दोऱ्या

आज वालूरच्या बारवेवर बसलो आणि मनात राम राघोबा राणे घोळत राहिले. एप्रिल 1948. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या अमलाखाली, रझाकारांच्या दहशतीत. तिकडे काश्मीरच्या युद्धात कारवारकडचे हे सेकंड लेफ्टनंट नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग काढत होते. 8 तारखेला उखळी तोफांच्या माऱ्यात त्यांचे दोघे जवान गेले, ते स्वतः जखमी झाले. तरी मागे हटले नाहीत. एका रणगाड्याखाली शिरून त्याच्यासोबत सरपटत राहिले. चालकाला इशारे दोन दोऱ्यांचे, एकीने थांब, दुसरीने चल. अधिकारीच असा पुढे असला की मागच्यांना वेगळा हुकूम लागतोच कुठे! 12 एप्रिलला भारतीय फौज राजौरीत पोचली. राण्यांना परमवीर चक्र मिळालं, तेही हयातीत.