आदाम सुटला का?

इंग्रज माणसानं मराठीत पुराण लिहिलंय! ओवीबद्ध, अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं, आणि तेही १६१६ साली! कळल्यापासून भेटेल त्याला धरून हेच सांगत सुटलेय.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडातले जेझुइट. १५७९ साली गोव्यात उतरले ते कायमचेच. त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ राशोलला छापलं गेलं ते रोमन लिपीत. पुण्याहून शांताराम बंडेलूंनी १९५६ साली ते देवनागरीत आणलं. गंमत बघा, राशोलला ते छापलं गेलं त्याच्या आदल्याच वर्षी, १६१५च्या नोव्हेंबरात, आमच्या बऱ्हाणपुरात दुसरा इंग्रज येऊन गेला होता. जहांगिराकडे निघालेला वकील सर टॉमस रो, शहजादा परवेझच्या दरबारात हजेरी लावून पुढं गेला. तो शाळेच्या इतिहासात भेटतो. स्टीफन्स का नाही भेटत?

आणि आतली गोष्ट! येशूची कथा म्हणजे गव्हाणीतलं बाळ, हे कुणीही सांगेल. इथं मात्र अख्खं पहिलं पुराण, छत्तीस सर्ग, संपलं तरी बाळाचा पत्ता नाही. सुरुवात थेट सृष्टीपासून. आदाम-हव्वा, ते फळ, बागेतून हकालपट्टी, आणि मग माणसाला परत कसं आणायचं याची एकच प्रचंड लांब कथा. मी बायबलही शेजारी उघडून बसले आणि झोपच उडाली. अब्राहाम मुलाचा बळी द्यायला निघतो, तेव्हा होमाची लाकडं इसहाकच्याच पाठीवर. शेकडो पानांनंतर येशू स्वतःचा वधस्तंभ स्वतः वाहतो! मिसरात घरोघरी मरण फिरतं त्या रात्री दाराच्या चौकटीला कोकराचं रक्त लावलेली घरं वाचतात. येशूला योहान कोकरूच म्हणतो. माणूस हरवला तो बागेत. येशूला पुरलं तेही बागेतच, आणि तो उठल्यावर मरीया मग्दालिया त्याला आधी ओळखतच नाही, माळी समजते. माळी! मी उठून खोलीभर फेऱ्या मारल्या.

आमचा कुंडी भंडारा ज्यानं पाहिलाय त्याला हे लगेच कळेल. सातपुड्याकडून येणारं पाणी जमिनीखालून वाहतं; वरून फक्त अंतरा-अंतरावर कुंड्या दिसतात. वाकून पाहावं तर प्रत्येकीत तेच पाणी. तोही १६१५चाच म्हणतात.

एक खटकलंच. गोव्यात त्या काळी देवळं पाडली गेली, जुन्या पोथ्यांना बंदी आली. स्टीफन्सच्या पुराणातच एक श्रोता विचारतो की आमची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग वाचायला दुसरं का देत नाही? हे पुराण म्हणजे त्या प्रश्नाला दिलेलं उत्तर. त्यानं मूळचा घाव भरत नाही, आणि ओव्या वाचताना तो विसरावाही लागू नये. तरीही नव्या श्रद्धेसाठी मराठी ओवीच हाताशी घेणाऱ्या या परक्या माणसावर मला रागावता येत नाही.

रात्री आजीला वाचून दाखवते. तिला आयुष्यभर पोथीची सवय, त्यामुळे जुनी मराठी माझ्याआधी तिलाच लागते. वधस्तंभापर्यंत आलो, तिनं डोळे पुसले, आणि एकदम विचारलं, “अगं पण तो पहिला? आदाम? तो सुटला का?”

मला वाटलं, एवढं मागचं कोण लक्षात ठेवतंय. शोधलं, तर ख्रिस्ती परंपरेनं ठेवलंय! मरण आणि पुनरुत्थान यांच्या मधल्या वेळात ख्रिस्त अधोलोकात उतरतो आणि आदामापासून ताटकळत बसलेल्या साऱ्यांना बाहेर काढतो, असं ही परंपरा मानते. पौर्वात्य चर्चच्या चित्रांत तर तो आदामाला मनगट धरून ओढून काढताना दिसतो; हव्वाही शेजारी असते.

आजीला सांगितलं. “मग ठीक,” ती म्हणाली. “हं, पुढं वाच.”